पालथा हंडा

सतराव्या मजल्यावर कावळे येतात. अडचण जाळीची असते. कबुतरांचा उपद्रव नको म्हणून सगळ्या खिडक्यांना नायलॉनची जाळी लावलेली, त्यामुळे म्हाळाच्या दिवशी वाडी ठेवायची कुठे हा प्रश्न दरवर्षी निघतो. यंदा आत्याने जाळीचा एक कोपरा हुकातून सोडवला, हात बाहेर काढला आणि एसीच्या डब्यावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. आजीला खीर आवडत नसे, पण ते म्हाळाला कोणी विचारत नाही.

घर काळाचौकीला. आजीच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीच्या बदल्यात पुनर्विकासात मिळालेलं. आजी इथे शेवटची चार वर्षं राहिली, लिफ्टला कायम 'पाळणो' म्हणाली आणि दोन वर्षांपूर्वी ब्याण्णवाव्या वर्षी गेली. बाबा तिच्या आधीच गेले होते, म्हणून म्हाळ दादाकडे आला. दादा पुण्याला असतो. कंपन्यांतल्या लोकांना प्रशिक्षण देणं हा त्याचा व्यवसाय. एखाद्याच्या आयुष्यातून पाच मुद्दे काढायला सांगा, चहा निवायच्या आत काढून देईल.

हात जोडून झाल्यावर त्याने पिशवीतून टाचलेले कागद काढले. वर आजीचा फोटो, खाली शीर्षक : 'आजीची शिदोरी – नऊ धडे'. छापून नातेवाइकांत वाटायचा बेत होता.

"यात वहीच्या दोन-तीन पानांचे फोटो टाकायचेत. वही दे ना, आत्या."

आत्याने चष्मा लावला. बत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलेली बाई. कागद हातात आला की दुसरा हात आपोआप लाल पेन शोधतो. पहिल्या पानावर तिने आधी एक वेलांटी दुरुस्त केली. मग पहिला धडा वाचला आणि पेन बाजूला ठेवलं.

"अन्नदान हेच श्रेष्ठ दान. हे कोणाबद्दल लिहिलंयस?"

"आजीबद्दल."

"अरे, ती पैसे घ्यायची. महिन्याचे. दोन दिवस गावी गेलास तरी खाडे धरायची नाही. दान कुठून आलं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गिरणगावातली खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. कोकणातून नाहीतर घाटावरून आलेला गडी बायकापोरं गावी ठेवून दहा-बारा जणांत एक खोली करायचा, झोपायला जागासुद्धा पाळीप्रमाणे मिळायची. त्याच्या जेवणाची सोय बहुधा एखाद्या गिरणी कामगाराची बायकोच आपल्या घरात करायची. ज्या खोलीत संसार त्याच खोलीत पंगत. आमच्या आजीकडे वीस-बावीस माणसं होती, तीन पाळ्यांची मिळून. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा आणि मध्यरात्री दुसरी पाळी सुटल्यावर शेवटचं ताट उचललं जायचं. आजोबा साचेखात्यात होते. त्यांच्या छातीत कापूस भरला आणि १९७६ साली ते गेले, त्यानंतर तर घर खानावळीवरच चाललं. आजीला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि आत्या लिहायची, सातवीत असल्यापासून.

"दान म्हणजे मोफतच असं नाही गं," दादा म्हणाला. "प्रेमाने वाढणं. माणूस दारात आला की आजीचं पहिलं वाक्य काय असायचं?"

ते आम्हां सगळ्यांना पाठ होतं. 'आदी जेव, मगे काय ता सांग.'

"असायचंच," आत्या म्हणाली. "माणूस बाकी चुकवायला बहाणा घेऊन यायचा. पोटात अन्न गेलं की खोटं बोलायला जीभ वळत नाही, असं तिचं म्हणणं. मला स्वतः सांगितलंय."

मी हसले. दादा नाही हसला. मला वाटतं, तिथेच त्याने मनात ठरवलं की आज हार मानायची नाही.

"बरं. तू सांगतेस तसं धरू. पण मग मला एक सांग. माझ्या मुलीला आजी कशी कळणार? तिने पाहिलीय ती पलंगावरची म्हातारी. चाळ पडली, गिरण्या गेल्या. जिथे भोंगे वाजायचे तिथे ती सिनेमा बघायला जाते. तिच्या हातात काहीतरी द्यायला नको? तू वही कपाटात कुलपात ठेवतेस. तुझ्यामागे ती कुठे जाईल? रद्दीत. नऊ धडे निदान नऊ तरी राहतील."

इथे मला दादाचं पटलं, आणि आत्यालाही लागलं असावं, कारण ती उठून आत गेली. कपाटाची चावी तिच्या पदराला नाही, साखरेच्या डब्यात असते. ती वही घेऊन आली. लांबट, लाल कापडी पाठीची, किराणावाले वापरतात तसली. पण तिने ती त्याच्या हातात दिली नाही, मांडीवर ठेवली.

"वाच पुढचं."

"धडा तिसरा. कामगारांशी निष्ठा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, आणि आजीने एकाही माणसाचं ताट बंद केलं नाही. हे तरी खरं ना?"

"एकाचंही नाही. अगदी खरं." आत्या वही उलगडायला लागली. "त्यात चष्मेवालाही आला."

वहीत नावं नाहीत. हे मी पूर्वी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लक्षात आला नव्हता. 'तिसऱ्या पाळीचा.' 'थोरला भाऊ, धाकटा भाऊ.' 'बिडीवाला.' 'भाताचा', कारण तो भाकरीला हात लावायचा नाही. आजी ज्या नावाने हाक मारायची तेच आत्याने लिहिलेलं. पुढे महिने, आकडे, आणि पैसे आले की एक बारीक टिकली. बेरीज कुठेच नाही. बेरीज आजीच्या डोक्यात असायची.

"हे बघ," आत्याने बोट ठेवलं. "जानेवारी ब्याऐंशी, टिकल्या. फेब्रुवारीत निम्म्या. मेपासून एकही नाही, नुसते आकडे. निम्मी माणसं गावाला निघून गेली, भात लावायला. जी राहिली ती दिवसभर नाक्यावर नाहीतर सभेला. संप चार-सहा महिन्यांत मिटेल असं सगळ्यांना वाटत होतं. तो मागे घेतला असं तर आजतागायत कोणी जाहीर केलेलं नाही. आता हे पान बघ. त्र्याऐंशीचा मार्च. एका माणसापुढे टिकल्याच टिकल्या."

"चष्मेवाला."

"तो कामावर जाऊ लागला होता. काही गिरण्यांत तोवर थोडेथोडे साचे फिरायला लागले होते. त्याच्या घरी आजारपण होतं, गहाण होतं, काय काय होतं. पण नाक्यावर हे कोण ऐकतो? पोरं म्हणाली, संपफोड्याला जेवायला घातलंस तर आम्ही पानावर बसणार नाही. तुझी आजी त्यांना म्हणाली, बसू नका. आणि त्याला सांगितलं, तू रात्री उशिरा मागच्या जिन्याने ये. तो रोख पैसे द्यायचा. त्या पैशाचे तांदूळ यायचे. ते तांदूळ संपवाले जेवायचे."

दादा गप्प होता.

"आणि त्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"खोली दहा बाय बारा होती गो. माहीत नसायला जागा कुठे होती? सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे जेवत होते. आता तू हे निष्ठेत बसव. नाहीतर फितुरीत बसव."

दादाने कागद खाली ठेवले. "पायरीवर," तो म्हणाला. मग थांबून, "मी ताट नेऊन ठेवायचो पायरीवर. सहा-सात वर्षांचा असेन. आजी म्हणायची, पावणो आसा, ठेवून ये. मला वाटायचं, खरंच कोणी पाहुणा आहे आणि त्याला आमच्यात बसायला लाज वाटते."

"वाटतच होती."

हे दोघांचंही ऐकताना मला जाणवलं की दादाच्या कागदावर आजी कुठे चुकत नाही, आणि आत्याच्या बोलण्यात ती कुठे मोठी होत नाही. मला दोन्हींचा थोडा राग आला. बोलले मात्र नाही, कारण भजी तळायला मीच उठणार होते.

दादा सहजी सोडणाऱ्यांतला नाही. "मान्य. तिसरा धडा काढतो. पण तू काय करतेयस ते बघ. तू तिचा प्रत्येक चांगुलपणा सोलून आत पैसा दाखवतेस. माणूस गेल्यावर आपण त्याचं चांगलं तेवढं धरून चालतो, यात खोटं काय आहे? म्हाळ तरी कशासाठी घालतो? तिला खीर आवडत नव्हती तरी ठेवलीसच ना?"

"खीर कावळ्यासाठी आहे. तू लिहितोयस ते पोरांसाठी." आत्याने वहीवर हात फिरवला. "मी पैसा दाखवत नाही रे. तुला काय वाटतं, पैसा म्हणजे हलकी गोष्ट? त्या बाईच्या पाटल्या माझ्या जन्माआधीपासून सावकाराकडे जात-येत होत्या. पगाराच्या आधीच्या आठवड्यात जायच्या आणि नंतर सुटायच्या. व्याज वेगळं. हे एकटीचं नव्हतं, गिरणगावातल्या सगळ्या खानावळवाल्या बायकांचं होतं. म्हणून तर १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला घर नाही, दागिना नाही. मग बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. तुझ्या आजीने पहिल्यांदा अंगठा उठवला तेव्हा तिच्यासाठी जामीन राहिलेली बाई तिच्याशी सहा महिने बोलत नव्हती, नळावरच्या भांडणामुळे. तरी राहिली. हे लिही की! हे का नाही लिहीत?"

"तू कधी सांगितलंस?"

प्रश्न साधा होता. आत्याकडे उत्तर नव्हतं.

"तुझा सहावा धडा मी वाचला," थोड्या वेळाने ती म्हणाली. "कुटुंब प्रथम. संपात माझ्या पगारावर तीन माणसांचं घर आणि उरलेल्यांचं किराणाबिल चाललं. माझ्यासाठी दोन स्थळं आली. तिने दोन्ही परतवली. एकात मुलगा बुटका म्हणाली, दुसऱ्यात गाव लांब म्हणाली. माझं लग्न बत्तिसाव्या वर्षी झालं. मी तिला दोष देत नाही. पण हे तुझ्या सहाव्या धड्यात कुठल्या ओळीत बसतं, ते दाखव."

खिडकीबाहेर काहीतरी फडफडलं. मी पाहिलं, कबूतर होतं. आत्याने हातातल्या टॉवेलने जाळी हलवून त्याला उडवलं.

खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. पण दादाला त्याचा सर्वात आवडता धडा राखायचा होता. त्याने कागद पुन्हा उचलले आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. धडा पाचवा, क्षमा. संपानंतर आजी 'भाताचा' या गड्याची बाकी वसूल करायला त्याच्या गावी गेली, त्याची हलाखी पाहिली आणि एक पैसा न घेता, उलट त्याच्या बायकोला साडी देऊन परत आली. ही गोष्ट बाबा सांगायचे. मीही तीच ऐकून मोठी झाले. लग्नकार्यात, बारशात, ती कोणीतरी काढायचंच.

"तुझे बाबा बरोबर नव्हते," आत्या म्हणाली. "मी होते."

१९८३ चा मे महिना. शाळेला सुट्टी. परळ डेपोतून रात्रीची कणकवलीची गाडी. कोकण रेल्वे यायला अजून पंधरा वर्षं होती. रात्रभर घाटांतून डोकं आपटत जायचं आणि उतरल्यावर पुढे दुसरी गाडी, मग चाल. आजीने वही पिशवीत घेतली होती. वाचता येत नसली तरी वही बरोबर हवी. माणूस नाही म्हणाला तर दाखवायला.

"तो नाही म्हणालाच नाही. खळ्यात खाली मान घालून बसला. घरात म्हातारी, बायको, तीन पोरं. बायकोने आम्हांला पेज वाढली. तुझी आजी पेज प्यायली, ताट धुवून ठेवलं आणि मग म्हणाली, माझे पैसे. तो म्हणाला, नाहीत. ती म्हणाली, मग काय आहे?"

आत्याचा आवाज वर्गात असायचा तसा झाला होता, सपाट आणि स्पष्ट.

"दोन पायल्या कुळीथ होते. आणि एक तांब्याचा हंडा. बायकोच्या माहेरचा. आजी म्हणाली, हंडो आण. त्या बाईने तो रिकामा केला, पाणी मडक्यांत ओतलं, चिंचेने घासून दिला. घासायची काही गरज नव्हती. मला ते घासणं अजून दिसतं. कुळीथ मात्र आजीने घेतले नाहीत. साडीबिडी काही नाही. येताना एसटीत मी हंडा मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्याशी बोलले नाही. पनवेलला चहाला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, तुका काय वाटता, माका बरा वाटता?"

दादाचा चेहरा उतरत चाललेला मी पाहत होते, कारण मला एव्हाना कळलं होतं. आत्याला ते ठाऊक होतं की नाही, मी सांगू शकत नाही. ती पुण्याला दादाच्या नव्या घरी एकदाच गेली आहे.

दादाच्या दिवाणखान्यात शिरताच उजव्या हाताला एक तांब्याचा हंडा आहे. चकचकीत, दर महिन्याला पॉलिश होतो. चाळ रिकामी करताना त्याने तो मागून घेतला होता. आल्यागेल्याला तो सांगतो, आमच्या आजीच्या लग्नातला. त्यात छत्र्या असतात.

"तो हंडा," दादा म्हणाला.

"तोच. फळीवर असायचा, पालथा. तीस-पस्तीस वर्षं. त्यात कधी पाणी भरलं नाही तिने. पाण्याची एवढी ओढ असायची, बादल्यांवरून भांडणं व्हायची, पण तो कोणाला काढू दिला नाही. पुढे हात तंगीत आला तेव्हा मी म्हटलं, मोडीत घाल. म्हणाली, तो आपलो नाय."

दादाने एकदम हात पुढे केला. "वही बघू."

या वेळी आत्याने दिली. त्याने 'भाताचा'चं पान काढलं. आकड्यांची रांग, जानेवारी ब्याऐंशीपासून पुढे. तो बोटाने खाली खाली येत गेला. मे त्र्याऐंशी. तिथे आत्याच्या अक्षरात लिहिलं होतं : हंडा १. पुढे टिकली नव्हती.

"वसूल झालं तर टिकली का नाही?"

"मी मारायला गेले होते. तिने पेन धरलं. मारू नको, म्हणाली."

"म्हणजे गहाण. तो पैसे घेऊन येईल म्हणून ठेवला."

"असेल."

"आणि तो आला नाही."

"मुंबईत परत आला नाही. पुढचं मला माहीत नाही."

"म्हणजे ही क्षमाच झाली की एका अर्थाने. वापरला नाही, विकला नाही..."

"एका बाईचा पाणी भरायचा हंडा काढून आणला आणि तीस-पस्तीस वर्षं पालथा घातला, याला तू क्षमा म्हण. मी शिक्षिका आहे, मी त्याला पालथ्या घड्यावर पाणीसुद्धा म्हणणार नाही, कारण पाणी नव्हतंच." आत्या उठली. "भजी कर गो, पान वाढायचं आहे."

मी स्वयंपाकघरात गेले. तिथून बाहेरचं अर्धं ऐकू येत होतं. दादा विचारत होता, गाव कुठलं. आत्या सांगत होती. कणकवलीहून पुढे कुठली गाडी, कुठल्या देवळापाशी उतरायचं, ओढा कुठे लागतो. तो म्हणाला, आता कोण असेल तिथे? ती म्हणाली, मोठ्या पोराला तेव्हा आठ-नऊ वर्षं होती, म्हणजे तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा. कुठेतरी असेलच. दादा म्हणाला, चाळीस वर्षांनी हंडा घेऊन दारात उभं राहायचं म्हणजे त्यांना काय वाटेल, उगाच तमाशा. आत्या म्हणाली, मी जा म्हणाले का? तू गाव विचारलंस, मी सांगितलं.

मग बराच वेळ काही नाही. तेलाचा आवाज मोठा होता.

भजी घेऊन बाहेर आले तर 'आजीची शिदोरी'ची पानं टीपॉयवर होती. पाचव्या धड्यावर लाल रेघ नव्हती, काहीच नव्हतं. वही दादाच्या मांडीवर उघडी होती आणि तो पहिल्या पानापासून एकेक पान मोबाईलने टिपत होता. सगळी पानं, टिकलीची आणि बिनटिकलीची. आत्या शेजारी बसून सांगत होती, हा बिडीवाला, हा फार चांगला गायचा. हा थोरला, याने धाकट्याचेही पैसे भरले, धाकट्याने याचे नाही. खिडकीतली वाडी कोणीतरी अर्धी नेली होती. कावळ्याने की कबुतराने, आमच्यापैकी कोणी पाहिलं नाही. वडा नव्हता, खीर तशीच होती.

जेवायला बसताना दादाने पुण्याला फोन लावला. वहिनीला विचारलं, मुलगी क्लासहून आली का, गॅसवाला आला का. मग म्हणाला, "आणि ऐक, त्या हंड्यातल्या छत्र्या काढून ठेव."

पलीकडून तिने बहुधा का म्हणून विचारलं. दादा पानातल्या भाताकडे बघत फोन कानाला लावून बसला.